आधी पाणी, मग आग

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि गाडीच्या पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. एवढं मराठी मुलांना शाळेपासून तोंडपाठ असतं. त्या इंजिनांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी आठ इंजिनं बांधून पाठवली होती, त्यांतली ही तीन. त्या आठांपैकी आज एकही शिल्लक नाही. ज्या गाडीचा आपण इतका अभिमान बाळगतो, तिला ओढणारं लोखंड आपण जपलं नाही.

नावं तेवढी उरली. ती आता हरियाणात, रेवाडीच्या शेडमध्ये आहेत. तिथल्या मीटर गेजच्या इंजिनांना रेल्वेने साहिब, सिंध, सुलतान अशी नावं दिली आहेत. मूळ इंजिनांपेक्षा ही किती तरी पिढ्या धाकटी, गेजही वेगळं. तरी मुंबईकडून गेलेल्या माणसाला त्या नावांनी बरं वाटतं आणि लगेच चुटपुटही लागते.

वाफेची इंजिनं जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न मनात धरून मी रेवाडीला गेलो, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात हिंडलो आणि आपल्याकडे स्टेशनांबाहेर चौथऱ्यांवर चढवलेली इंजिनंही पुन्हा एकदा नीट पाहिली. उत्तराची सुरुवात लोखंडापाशी होते खरी, पण ते येऊन ठेपतं माणसांच्या हातांपाशी.

*

रेवाडी दिल्लीपासून ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरवर. १८७३ साली दिल्लीहून मीटर गेजचा रूळ इथे पोचला, पुढे राजपुतान्याकडे गेला आणि रेवाडी मोठं जंक्शन झालं. इंजिनांची शेड १८९३ची. शंभर वर्षं इथे रात्रंदिवस कोळसा जळत होता. नव्वदच्या दशकात वाफेचा जमाना संपला तशी शेड ओस पडली. या शतकाच्या पहिल्या दशकात रेल्वेने ती वारसा म्हणून पुन्हा उभी केली. आज देशात ब्रॉडगेजची आणि मीटर गेजची जुनी इंजिनं पेटती ठेवणारी अशी दुसरी जागा सापडणं कठीण.

इथली नामावळी वाचली तरी रेल्वेचा निम्मा इतिहास समोर येतो. १९३०चा भारदस्त मालवाहू ‘अंगद’. डब्ल्यूपी वर्गाचं ७२०० नंबरचं इंजिन, १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीने बांधलेलं, त्या वर्गातल्या पहिल्या सोळांपैकी एक. ‘शेर-ए-पंजाब’, म्हणजे डब्ल्यूएल १५००५. ब्रॉडगेजवर वाफेच्या इंजिनाची शेवटची नियमित गाडी यानेच ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंदर आणि फिरोजपूरदरम्यान ओढली. आणि सगळ्यांत लोकप्रिय ‘अकबर’, डब्ल्यूपी ७१६१, चित्तरंजनच्या कारखान्यात १९६५ साली बांधलेलं. ‘गदर’, ‘भाग मिल्खा भाग’, ‘सुलतान’ या चित्रपटांत दिसलेलं इंजिन हेच. शाळेच्या सहली येतात त्या त्याच्यासाठी, आणि मुलं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात.

डब्ल्यूपी पाहिलं की आमच्या आधीची पिढी हळवी होते, त्याला कारण आहे. १९४७ ते १९६७ या काळात या वर्गाची ७५५ इंजिनं झाली आणि देशभरातल्या मेल-एक्सप्रेस त्यांनीच ओढल्या. पुढे आलेलं गोल टोकदार नाक, त्यावर चांदीच्या रंगाचा तारा. साठच्या दशकात मुंबईहून निघालेल्या गाडीचं विजेचं इंजिन इगतपुरीला सुटायचं आणि भुसावळकडे जायला वाफेचं लागायचं. खिडकीतून डोकं बाहेर काढणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत कोळशाचा कण जायचा तो तिथून पुढे. ज्यांच्या डोळ्यांत तो कण गेला होता, ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत.

इंजिन पेटलेलं असताना पाहायला सगळेच जातात. माझं मत विचाराल तर रेवाडी पाहायची ती एखादं इंजिन थंड पडलेलं, उघडलेलं असताना. कारण दुरुस्ती म्हणजे काय ते तेव्हाच कळतं.

*

वाफेच्या इंजिनाचं बॉयलर समजून घेतलं की बाकी इंजिन आपोआप समजतं. मागे ड्रायव्हरच्या पुढ्यात आगीची पेटी, फायरबॉक्स. तिच्या चहूबाजूंनी आणि डोक्यावरही पाणी. पुढे लांब गोल पिंप, पाण्याने भरलेलं, आणि त्या पाण्यातून आरपार गेलेल्या नळ्या. आगीची झळ आणि धूर या नळ्यांतून पुढच्या स्मोक बॉक्समध्ये जातो, वाटेत पाणी तापवतो आणि धुराड्यातून बाहेर पडतो. साधी गोष्ट. अवघड आहे ते यातलं बळ. घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिटी होते तेव्हा दर चौरस इंचाला साधारण पंधरा पौंड दाब असतो. डब्ल्यूपीच्या बॉयलरमध्ये तो २१० पौंड असतो. या दाबाखाली पाणी उकळतं ते शंभर अंशांवर नाही, जवळजवळ दोनशे अंशांवर. अशा पाण्यावरचा दाब एकाएकी नाहीसा झाला तर त्याचा मोठा भाग क्षणात वाफ होतो, आणि मोकळ्या हवेत एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. बॉयलर फुटतं ते असं.

म्हणून फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा शेकडो बोल्टांनी एकमेकांना बांधलेला असतो. या बोल्टांना ‘स्टे’ म्हणतात. दोन्ही पत्रे कमीजास्त तापतात, कमीजास्त फुगतात, आणि दर वेळी स्टे किंचित वाकतो, सरळ होतो. अशी काही वर्षं गेली की एखादा तुटतो. तुटलेला बाहेरून दिसत नाही. मग बॉयलरमेकर हातोडी घेऊन फायरबॉक्समध्ये शिरतो. आत जाण्याची वाट म्हणजे कोळसा टाकायचं तोंड, जेमतेम खांदे मावतील एवढं. आत बसून तो एकेका स्टेच्या डोक्यावर हातोडी मारतो आणि कान देतो. शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. एक ठोका, थोडं थांबणं, दुसरा ठोका. मध्येच एखाद्या जागी परत मारतो, मान तिरकी करतो, खडूची खूण करून पुढे सरकतो. बाहेर उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला सगळे ठोके सारखेच ऐकू आले. त्याने खूण केलेल्या जागी मी मुद्दाम पुन्हा ऐकवायला सांगितलं, तेव्हा कुठे फरक लागला, तोही पुसट.

या एका कामात मला सगळा विषय दिसला. स्टेची जाडी, त्याचा धातू, त्यांच्यातलं अंतर, हे सगळं नकाशात लिहिलेलं असतं. बद्द आवाज कुठे लिहिलेला नसतो. स्टेला बाहेरच्या टोकाकडून बारीक भोक पाडून ठेवायची युक्ती जुनी आहे. स्टेला चीर गेली की त्या भोकातून पाणी पाझरतं आणि इंजिन स्वतःच चुगली करतं. पत्र्याची जाडी आता ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजतात. ही साधनं चांगलीच आहेत, वापरलीच पाहिजेत. पण पहिला संशय कानाला येतो.

नळ्यांचं काम वेगळं, आणि जास्त घामाचं. पाण्यातले क्षार नळ्यांवर थरावर थर चढतात. हा थर उष्णता अडवतो, कोळसा जास्त जळतो, धातू नको तितका तापतो. नळ्या पातळ झाल्या की सगळ्या काढायच्या, भोकं साफ करायची, दोन भोकांमधल्या पत्र्याला चीर गेली आहे का ते पाहायचं, मग नव्या नळ्या घालून त्यांची टोकं आतून फुगवून पत्र्यात घट्ट बसवायची. कमी फुगवली तर गळते, जास्त फुगवली तर पत्र्याचं भोक बिघडतं. मधली जागा मनगटाला कळते. हे झालं की बॉयलर काठोकाठ थंड पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. वाफेने का नाही? कारण पाणी दाबलं तरी आकसत नाही आणि सुटलं तरी फुगत नाही. कुठे दोष असला तर तिथून फक्त थेंब येतो, स्फोट होत नाही. थेंब दिसला की खूण, पुन्हा रिकामं, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा भरणं. कधी कधी यातच आठवडे जातात.

सुटे भाग ही तर कायमची अडचण. इंग्लंडमधली, इंजिनं बांधणारी लीड्सची किटसन कंपनी १९३८ साली बंद झाली. बाल्डविनने १९५६ साली इंजिनं बांधणं सोडलं. चित्तरंजनमध्ये वाफेची २,३५१ इंजिनं झाली, त्यांतलं शेवटचं १९७२ साली बाहेर पडलं. म्हणजे दुकानात जाऊन काही मिळायचं नाही. लाकडाचा साचा करा, त्यावरून ओतीव भाग घ्या, लेथवर उतरवा. बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओता आणि आसाला बसेपर्यंत हाताने खरवडा. नाही जमलं तर कुठल्या तरी स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर त्याच वर्गाचं इंजिन उभं असेल ते शोधा आणि त्याचा भाग काढून आणा.

*

पेटवण्याचा नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशी शिकवतात: आधी पाणी, मग आग. काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची, आणि नुसती बघायची नाही, नळीच्या तोट्या उघडून पाणी खरंच खाली-वर होतं का याची खात्री करायची. फायरबॉक्सच्या डोक्यावरचा पत्रा पाण्याने झाकलेला नसेल तर तो लालभडक होतो, मऊ पडतो आणि वरच्या दाबाने खाली दबतो. त्यासाठी त्या पत्र्यात शिशाची बुचं बसवलेली असतात, लेड प्लग. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येऊन ड्रायव्हरला सावध करते. हा शेवटचा पहारेकरी. त्याच्यावर वेळ येऊ देणं ही फायरमनच्या पेशात नामुष्की मानतात.

१६ जून १९९५ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या गेटिसबर्गला पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या १२७८ नंबरच्या इंजिनात नेमकं हेच घडलं. पाणी उतरलं, वरचा पत्रा दबला, वाफ कॅबमध्ये घुसली आणि तिथली तिघं जण भाजली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चौकशीत आढळलं की पाणी दाखवणाऱ्या नळीच्या वाटा क्षारांनी बुजत आल्या होत्या आणि देखभालीचं शिक्षणही अपुरं होतं. त्यानंतर तिथले नियम पार बदलले: १,४७२ दिवस सेवा किंवा पंधरा वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासायचं. ते १२७८ आज ओहायोतल्या शुगरक्रीकच्या संग्रहालयात उभं आहे. जुन्या इंजिनांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत माहीत करून घ्यावी असं मला वाटतं. प्रेम आणि हयगय शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि बॉयलर दोन्हींत फरक करत नाही.

आग लावतात ती आदल्या दिवशी. लाकडं, तेलात भिजवलेल्या चिंध्या, वर पातळ थर कोळशाचा. घाई करायची नाही. एवढं मोठं लोखंड सावकाश, सगळीकडून सारखं तापलं पाहिजे. नाहीतर जे सांधे इतक्या कष्टाने बसवले तेच उघडतात. पहिले कितीतरी तास काहीच होत नाही. नुसता पिवळट धूर. मग हळूहळू लोखंड कुरकुरू लागतं, कुठून तरी बारीक सुस्कारा येतो, दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हलतो. तेवढ्या वेळात खलाशी तेलाची बुधली घेऊन चाकांमध्ये फिरत असतो. तेल घालायच्या जागा इतक्या असतात की नवखा माणूस निम्म्या विसरेल.

इंजिन निघतं तेव्हाचा आवाज सगळ्यांना माहीत आहे, त्याचं कारण थोड्यांना. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ वाया न घालवता धुराड्याच्या खालून वर सोडतात. ती जाताना स्मोक बॉक्समधली हवा ओढून नेते, त्यामुळे नळ्यांतून आगीची झळ ओढली जाते, आणि आगीला नवी हवा मिळते. इंजिन जितका जोर लावेल तितकी आग आपोआप भडकते. दोन सिलिंडर, प्रत्येकाचे दोन फुंकार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार. डब्ल्यूपीचं मोठं चाक पाच फूट सात इंच व्यासाचं. दर फुंकाराला गाडी साधारण सव्वा मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. चारही फुंकार सारखे पडले तर झडपा नीट बसल्या आहेत. एखादा लंगडा पडला तर अनुभवी फिटर फलाटावरूनच सांगतो की कुठल्या बाजूला काय बिघडलं आहे. इथेही कानच.

*

रेवाडीतली सगळ्यांत मानाची पाहुणी म्हणजे फेअरी क्वीन. लीड्सच्या किटसन, थॉम्पसन आणि हेविटसन यांनी १८५५ साली बांधलेली, म्हणजे आपल्या साहिब-सिंध-सुलतानपेक्षा दोन-तीन वर्षांनीच धाकटी. वजन अवघं २६ टन. मधली मोठ्या चाकांची एकच जोडी, सहा फूट व्यासाची, पुढे-मागे लहान चाकं. पाण्याची टाकी बॉयलरच्या पोटाखाली. वेग ताशी ४० किलोमीटर. ईस्ट इंडियन रेल्वेने तिला २२ नंबर दिला. नाव मिळायला १८९५ उजाडलं. हावडा ते राणीगंज हलक्या मेल गाड्या तिने ओढल्या, १८५७ च्या उठावात सैन्याची ने-आण केली, मग बिहारमध्ये रूळ टाकण्याच्या कामावर राबली आणि १९०९ साली निवृत्त झाली.

ती वाचली ती केवळ योगायोगाने. चौतीस वर्षं हावडा स्टेशनबाहेर शोभेला उभी होती. १९४३ साली उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत नेली, तिथे मुलांना दाखवायला म्हणून राहिली. १९७२ साली वारशाचा दर्जा मिळाला, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आली. आणि १९९७ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर, तिच्या बॉयलरमध्ये पुन्हा वाफ धरली गेली. दिल्ली ते अलवर अशी पर्यटकांची गाडी ती ओढू लागली. १९९८ साली गिनीज बुकाने तिची नोंद जगातलं सर्वांत जुनं नियमित चालणारं वाफेचं इंजिन अशी केली.

२०११ साली शेडमध्ये उभी असताना तिचे कितीतरी भाग चोरीला गेले. पितळ-तांब्याला भंगारात भाव असतो, आणि दीडशे वर्षांच्या इंजिनाचं पितळ काट्यावर वेगळं दिसत नाही. जगात तिच्या जोडीला बसतील असे भाग कुणाकडे असणार? तिला चेन्नईजवळच्या पेरांबूर कारखान्यात न्यावं लागलं, भाग नव्याने घडवावे लागले. पेरांबूरच्या कामगारांनी त्याआधी, २०१० साली, तिच्याच, म्हणजे किटसनच्या कारखान्यात बांधलेली, तिच्याच वयाची ‘एक्सप्रेस’, ईआयआर २१, शंभर वर्षांनी चालवून दाखवली होती. म्हणून तर फेअरी क्वीनचं काम त्यांच्याकडे जाऊ शकलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा दिल्ली-रेवाडी धावली.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. एक इंजिन दुरुस्त केल्यामुळे दुसरं दुरुस्त करणारे हात तयार होते. ते नसते तर चोरीनंतर फेअरी क्वीन पुन्हा काचेआड गेली असती, आणि कुणी दोषही दिला नसता.

*

दिल्लीत चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडलं. ते उभं राहण्यात मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांचा मोठा हात आहे. उद्योगातली नोकरी सांभाळून ते देशभरच्या शेडा आणि भंगाराच्या आवारांत जुनी इंजिनं शोधत हिंडले. पतियाळा संस्थानाची एकरुळी गाडी त्यांनाच सापडली. ही गाडी १९०७ ते १९२७ या काळात चालली. तिचा भार एका रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक रस्त्यावर. बंद पडल्यावर ती संस्थानच्या बांधकाम खात्याच्या आवारात पडून होती. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात ती पुन्हा उभी केली. आजही संग्रहालयात ती चालते, आणि मी पाहिलेल्या गर्दीत लहानांपेक्षा मोठ्यांचेच चेहरे जास्त खुललेले होते.

१८६२ साली पॅरिसमध्ये बांधलेली रामगोती तिथेच आहे. तिने बंगालमध्ये नलहाटी-अझीमगंज मार्गावर गाड्या ओढल्या आणि उतारवयात कलकत्ता महापालिकेचा कचरा वाहिला. कचरा वाहिला म्हणून ती टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कामाला जुंपलेली वस्तू जास्त दिवस जगते.

संग्रहालयाच्या लोकांसमोर एक खरा पेच असतो, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. इंजिन चालवलं की ते झिजतं. बॉयलर बदलावं लागतं, नळ्या, बेअरिंग, पिस्टनच्या कड्या बदलतात. शंभर वर्षं चालवलेल्या इंजिनात मूळ धातू किती राहतो? इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची दुरुस्ती २००६ साली हाती घेतली, ती संपायला २०१६ उजाडलं आणि बेचाळीस लाख पौंड लागले. एवढ्या पैशात आणखी किती इंजिनं गंजण्यापासून वाचली असती, असं विचारणारे तिथेही होते. त्यांचं म्हणणं रास्त आहे. एकमेव उरलेलं, मूळ रूपातलं इंजिन असेल तर ते पेटवू नये, या मताचा मीही आहे. त्याच्या पत्र्यावरचे जुने हातोडीचे घाव हाही दस्तऐवजच आहे.

पण ज्या वर्गाची अनेक इंजिनं उरली आहेत, त्यांतलं एक तरी पेटतं ठेवलंच पाहिजे. ब्रॉडगेजवर वाफेची नियमित नोकरी १९९५ साली संपली. त्या वर्षी विशीत असलेला खलाशी आज पन्नाशीत आहे, आणि तेव्हाचे मुरलेले बॉयलरमेकर केव्हाच निवृत्त झाले. नवा मुलगा शिकणार कुठे? डिझेलच्या शेडमध्ये स्टे ठोकायला मिळत नाहीत. रेवाडीत, पेरांबूरला, दार्जिलिंगच्या वाटेवर तिनधारियाच्या कारखान्यात ते मिळतं, कारण तिथे इंजिनं चालतात. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तर निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी वाफेची नवी कोरी इंजिनं बांधली. कोळशावर चालणारं एक २०२१ साली. वारसा जपण्याचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही. जो नवं बांधू शकतो, त्याच्या हाती जुनं सुरक्षित आहे.

*

आता आपल्याकडे येऊ. माथेरानच्या गाडीसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने चार इंजिनं बांधली होती. नेरळहून वर चढणारी वळणं इतकी तीव्र की कडेच्या आसांना वळणाप्रमाणे सरकता यावं अशी खास रचना त्यांत होती. १९०७ पासून १९८२ पर्यंत त्यांनी डोंगर चढला. त्यांतलं एक नेरळला उभं आहे. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने १८९७ साली सुरू केली. अडीच फुटी रुळांवर किती काम घेता येतं हे तिने जगाला दाखवलं, आणि पुढे पंढरीच्या वारकऱ्यांना तीच घेऊन जाऊ लागली. विदर्भातल्या शकुंतला या गाडीचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, सत्तर वर्षं, त्याने यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर गाडी ओढली. नागपुरात मोतीबागेला नॅरो गेजचं संग्रहालय २००२ सालापासून आहे आणि ते आवर्जून पाहण्यासारखं आहे.

या इंजिनांची काळजी घेणारे लोक आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण चौथऱ्यावरच्या इंजिनाचं दुखणं एकच असतं: रंग. दर काही वर्षांनी वर चकचकीत काळा-लाल हात मारतात. आत पाणी साचतं, धुराड्यातून पाऊस शिरतो, स्मोक बॉक्सचा तळ गंजून जाळी होतो. बाहेरून इंजिन दरवर्षी नवं दिसतं आणि आतून दरवर्षी कमी होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने पाऊस झेलणाऱ्या लोखंडाला निदान छप्पर हवं, धुराड्यावर झाकण हवं, बॉयलर पूर्ण कोरडं करून बंद केलेलं हवं. याला मोठा खर्च लागत नाही. आणि बॉयलर शाबूत राहिलं तर पुढच्या पिढीला ते पेटवायचा विचार तरी करता येईल. अमेरिकेत युनियन पॅसिफिकचं ४०१४ नंबरचं ‘बिग बॉय’ अर्धं शतक एका संग्रहालयाच्या आवारात उभं होतं. २०१३ साली कंपनीने ते परत घेतलं आणि २०१९च्या मे महिन्यात ते चालू लागलं. कोरड्या हवेत राहिल्याचा त्याला फायदा झाला, असं जाणकार सांगतात.

महाराष्ट्रात एक तरी इंजिन नियमित पेटावं असं मला मनापासून वाटतं. नॅरो गेजला हे सर्वांत सोपं: इंजिन लहान, बॉयलर लहान, रूळ माथेरानला आहेतच. दार्जिलिंगहून आणलेलं, बाल्डविनने १९१७ साली बांधलेलं एक इंजिन नेरळला आलेलंही आहे. कुर्डुवाडीचा नॅरो गेजचा कारखाना बार्शी लाइटच्या काळापासूनचा. माथेरानच्या गाडीची देखभाल करणारे हात तिथे आहेत. त्यांतल्या चार-सहा जणांना वर्षभरासाठी तिनधारियाला किंवा रेवाडीला पाठवा. परत येतील ते बॉयलरमेकर होऊन येतील.

तोवर एक काम आपल्यालाच करण्यासारखं आहे, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. भुसावळ, दौंड, मनमाड, सोलापूर, मिरज, पूर्णा या गावांत अजून अशी घरं आहेत जिथे आजोबा वाफेवर फायरमन होते, खलाशी होते, फिटर होते. त्यांच्यापाशी बसा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. जुन्या आठवणी सांगा, एवढंच म्हणून थांबू नका. तेवढ्याने साहेबाच्या आणि बदलीच्या गोष्टी निघतात. नेमकं विचारा. चढ यायच्या किती आधी कोळसा घालायचा? फायरबॉक्सच्या कोपऱ्यांत जास्त की मधे? कोळशात दगड जास्त निघाला तर आग कशी सांभाळायची? धूर काळा, करडा आणि पांढरा, प्रत्येकाचा अर्थ काय? उन्हाळ्यात खारं पाणी भरावं लागलं की बॉयलर कधी धुवायचं? बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरने पाणी घेतलं नाही तर पहिला हात कुठे जायचा, ओलं फडकं कुठे टाकायचं? ड्रायव्हर काही न बोलता हाताने कोणत्या खुणा करायचा? आणि तुटलेला स्टे कसा वाजायचा, ते त्यांना तोंडाने काढून दाखवायला सांगा.